मास्तरांशी बोलतो

१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी, देवापुढे दिवा लावल्यावर.

आजचं मौन पार पडलं. सोमवारी आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, हा नेम लग्नाआधीपासूनचा. सिद्धेश्वराच्या कृपेने अजून मोडलेला नाही. कंपनीतही सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवारच्या एचआर वर्कशॉपमधून मी निराळाच माणूस होऊन परतलो. शिकवणाऱ्या प्रियंका मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, एचआर म्हणजे मॅनेजमेंट आणि कामगार यांच्यातला पूल. पुलावरून दोन्हीकडची माणसं चालत जातात, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला अनुभवाने माहीत आहे.

लागणारी स्किल्स सांगितली. ऐकून घेणं, समोरच्याच्या जागी उभं राहणं, संवाद, तंटा मिटवणं, वेळेवर निर्णय. स्वतःला मार्क द्यायला सांगितले. ऐकण्यात मी दहापैकी दहा घेतले. शेजारी बँकेतले एक गृहस्थ होते, त्यांनी सहा घेतले. आत्मविश्वास नसलेली माणसं या लाइनीत कशाला येतात? संवादात मात्र मी नऊ घेतले. एक सोमवारचा कापला.

मालकांचे चिरंजीव दिग्विजयसाहेब, पुण्याला शिकून आलेले. त्यांनी आज माझ्या दारावर नवी पाटी लावली. 'हेड, ह्यूमन रिसोर्सेस'. परवापर्यंत 'टाइम ऑफिस' होतं, गेटवरच्या हजेरीचं. मंद्रूपच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या माणसाला देव एवढं देतो, आणखी काय मागायचं?

साहेब म्हणाले, दिवाळीपासून फिटर सोडून चाललेत. आता विरुपाक्ष गेला तर जॅकार्डचे माग बंद पडतील आणि हॉटेलवाल्यांची टॉवेलची ऑर्डर अडकेल. तो टिकलाच पाहिजे. तो टिकत नसेल तर एचआरची पाटी तरी कशाला, असं हसत म्हणाले. मी मौनात होतो, मान हलवली. हसत म्हणाले म्हणजे मनात काही नसणार.

थकलो. पण समाधानाने.


२ डिसेंबर, मंगळवार.

विरुपाक्षला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. तिशीतला, अबोल पोरगा. बोटांना कायम ग्रीस. त्याला कंपनीचं व्हिजन सांगितलं. माणूस हीच कंपनीची खरी मशीनरी, हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. त्याचा चहा गार झाला, इतका तो रमला.

शेवटी त्याने एकच मागितलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या जत्रेपर्यंत त्याला फर्स्ट शिफ्ट हवी. सेकंड शिफ्ट दुपारी सुरू होते ती रात्रीच सुटते, आणि नंदीध्वज, म्हणजे जत्रेतली ती उंच काठी, पेलण्याचा सराव असतो संध्याकाळी. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर काठीला खांदा दिला. यंदा त्यांचा खांदा उतरला, म्हणून जागा याच्याकडे येतेय. सरावाला न गेलेल्याला जुनी माणसं काठी देत नाहीत.

मी शांतपणे ऐकलं. पण वर्कशॉपमध्ये हिमनगाचं चित्र दाखवलं होतं. कर्मचारी पहिल्यांदा जे सांगतो ते पाण्यावरचं टोक. खरं कारण खाली असतं. शिफ्ट हे टोक आहे. खाली काय असावं? करिअर ग्रोथ, बहुतेक.

शिफ्टचा तक्ता मीच टाइप करतो, पण नावं विव्हिंग मास्तर चनमल्लप्पा सांगतात. विरुपाक्षला म्हटलं, मास्तरांशी बोलतो.


३ डिसेंबर, बुधवार.

मास्तरांशी बोलायला शेडमध्ये गेलो. ते मागाखाली आडवे होते, फक्त पाय दिसत होते. पायांशी काय बोलणार? परत आलो. शिवाय त्या खडखडाटात संवाद शक्यच नाही. मॅडम म्हणाल्याच होत्या, जागा आणि वेळ निवडणं हेही एक स्किल.

मास्तरांना मी घाबरतो असं शालन म्हणते. शालन म्हणजे माझी बायको, तिला कॉर्पोरेट गोष्टी कळत नाहीत. ते एकदा सगळ्या शेडसमोर मला "तुमी गेट बघा, माग आमी बघतो" असं म्हणाले होते खरे. ती गोष्ट मी केव्हाच विसरलो. शुक्रवार होता.


४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.

आज सकाळी मनात आलं, एवढा मोठा दिवस, आजही मौन धरावं. धरलं. त्यामुळे मास्तरांशी बोलणं झालं नाही. देवाच्या कामाला पहिला मान.

मास्तर जिन्यात समोरून आले. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. संबंध सुधारत आहेत.


८ डिसेंबर, सोमवार.

आजच्यासारखा दिवस या कंपनीत मला आजवर मिळाला नाही.

मौनात बसलो होतो. सकाळी शिलाई खात्यातल्या सावित्रम्मा आल्या. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. सुनेबद्दल होतं. बऱ्याच रडल्या, मग डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्या टेबलावरच खाऊन मला आशीर्वाद देऊन गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. एचआरवर लोकांचा विश्वास बसतोय. मंगळवार ते शनिवार मात्र कुणी फिरकत नाही. कामात असणार.

दुपारी शिफ्टला लागण्याआधी विरुपाक्ष आला. खुर्चीत बसला आणि बोलतच राहिला. हा मुलगा एवढा बोलतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, लहानपणी तो वडिलांच्या पांढऱ्या बाराबंदीचं टोक धरून चालायचा. आता वडील खाटेवरून रोज एकच विचारतात, आज गेलास का. हा रोज खोटं सांगतो, गेलतो. चुलतभाऊ रोज सरावाला जातो, त्याचा खांदा तयार होत आलाय. अमावास्येच्या आत ठरणार, काठी कुणाकडे ते.

मी मान हलवत होतो. मॅडमनी दाखवलं होतं तशीच, हळू, डोळ्यांत बघत. उठताना तो म्हणाला, "सायेब, तुमी ऐकून घेताव, लई बरं वाटतंय. मास्तरांच्या कानावर तेवढं घाला."

दहापैकी दहा. गेल्या मंगळवारी मी जे बोललो त्याचा हा परिणाम, हळूहळू उतरला आत.

घरी शालनला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "देवानं तोंड सोमवारी बंद ठिवायला सांगितलं. बाकीच्या दिवशी कुणी सांगितलं?" तिचं लक्ष नव्हतं माझ्याकडे.

संकल्प: उद्या सकाळी पहिलं काम मास्तर.


९ डिसेंबर, मंगळवार.

मास्तर आज रजेवर. मला हायसं वाटलं असं नाही. चुकल्यासारखं झालं.


१० डिसेंबर, बुधवार.

मास्तर आले. मूड बरा दिसला नाही. मूड ओळखणं म्हणजे अर्धं काम.

दिवसभर विचार केला. विरुपाक्षचं दुःख काय? त्याला मान हवा आहे. काठीचा मान, म्हणजे शेवटी मानच. तो कंपनीने दिला तर? साहेबांना 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'ची कल्पना सांगितली. साहेब खूश. अशी माणसं हवीत, म्हणाले. मी नम्रपणे हसलो.


१२ डिसेंबर, शुक्रवार.

सत्कार झाला. आपल्याच कंपनीचा मोठा टॉवेल, नारळ, गुलाबाचं फूल. फोटो काढून कँटीनच्या भिंतीला लावला. मी भाषण केलं. माणूस हीच कंपनीची खरी मशीनरी. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संध्याकाळी ठेवला होता. सेकंड शिफ्टची मंडळी तेव्हाच हजर असतात. फोटोला उभं राहताना विरुपाक्षने ओठ न हलवता विचारलं, शिफ्टचं काय झालं. मी म्हटलं, मास्तरांशी बोलतो. फोटोत तो समोर न बघता दाराकडे बघतोय. बाहेर सरावाच्या हलग्या वाजत होत्या, त्याचा परिणाम असावा.

मास्तर मागच्या रांगेत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तर तेव्हाच कळलं, आज बोलण्यात अर्थ नाही.


१३ डिसेंबर, शनिवार.

प्रियंका मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, तो माणूस नेमकं काय मागतोय. मी म्हटलं, तसं काही विशेष नाही, शिफ्ट. त्या म्हणाल्या, मग शिफ्ट देऊन बघा ना. मी हसून हिमनगाची आठवण करून दिली. त्या 'अच्छा' म्हणाल्या आणि फोन ठेवला. स्वतः शिकवलेलं कुणी एवढं मनावर घेतलंय, याचा त्यांना आनंद झाला असणार.

मी माझ्या मार्गाने पुढे गेलो. ग्रोथ. साहेबांकडून विरुपाक्षचं प्रमोशन मंजूर करून घेतलं. 'टीम लीडर, सेकंड शिफ्ट'. नवं पद, फक्त त्याच्यासाठी तयार केलेलं. पगारात वाढ, छातीवर बिल्ला. सेकंड शिफ्टला जबाबदार माणूस नाही, तोही प्रश्न सुटला. एका दगडात दोन पक्षी.

टीम लीडर असल्यामुळे त्याला आता शिफ्ट बदलता येणार नाही, एवढी बारीकशी अडचण आहे. पण पद मिळाल्यावर शिफ्टचं कोण बघतो?


१५ डिसेंबर, सोमवार. एकादशी.

मौन आणि उपवास दोन्ही. साबुदाण्याची खिचडी पोटात जड झाली.

विरुपाक्ष आला. बिल्ला टेबलावर ठेवला. बसला नाही. बोललाही नाही. मी मौनात, तो उभा. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग तो गेला.

शब्दांची गरजच उरली नाही. संवादाची ही सर्वांत वरची पायरी असावी, वर्कशॉपमध्येही ही आली नव्हती. बिल्ला मी जपून ड्रॉवरमध्ये ठेवला. पिन तुटली असेल, उद्या बदलून देऊ.

सावित्रम्मा आज आल्या होत्या, पण बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "त्या पोराचं काम करा ओ, मग माझं ऐका." चटणीची पुडी ठेवून गेल्या.

रात्री झोप लागली नाही. खिचडी.


१६ डिसेंबर, मंगळवार. धनुर्मास.

धनुर्मास लागला. पहाटे संकल्प सोडला की महिनाभर रोज दुपारपर्यंत मौन. मन फार अस्थिर आहे. माणसांच्या या कामात आतून झिजायला होतं, हे कुठल्या वर्कशॉपमध्ये सांगत नाहीत.

आणि सकाळी दहाच्या सुमाराला चनमल्लप्पा मास्तर स्वतः केबिनमध्ये आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची ओढून बसले. हाडापेराने मोठा माणूस, खुर्ची कुरकुरली. मागांत आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना येत नाही, दोन खोल्या पलीकडे ऐकू जातं.

"काय ओ हरिदासराव, ते विरुपाक्ष तोंड पाडून का फिरलालंय? मला तर काय सांगंना. तुमाला म्हाइत असंल की."

मी हात जोडले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं, मग ओठांवर.

मास्तरांनी तंबाखू मळली. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हळू, डोळ्यांत बघत. "बरं, दुपारी या वर माझ्या खोलीत," म्हणाले आणि गेले.

दुपारी मौन सुटलं. त्याच वेळी एक ऑनलाइन वेबिनार होता, विषय 'कठीण संभाषणं कशी करावीत'. तो सोडणं बरं दिसलं नसतं. पूर्ण ऐकला. खूप उपयोगी. संपला तेव्हा मास्तर घरी गेले होते.

आता मात्र नक्की. स्वतः विचारून गेले म्हणजे दार उघडंच आहे. उघड्या दारातून उद्याही जाता येतं.


१७ डिसेंबर, बुधवार.

आज वर जाणार होतो. जिन्याच्या चार पायऱ्या चढलोही. गुडघा दुखला.


१८ डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार.

शालनच्या उद्यापनाला सवाष्णी यायच्या होत्या, लवकर घरी जायचं होतं. निघणार तेवढ्यात विरुपाक्ष आला. म्हणाला, उद्यापासून येत नाही. पलीकडच्या मिलमध्ये लागलो, फर्स्ट शिफ्ट आहे.

साहेबांचं पाटीबद्दलचं वाक्य आठवलं. पण वेबिनार कामी आला. आधी श्वास घेतला. मग विचारलं की कंपनी त्याच्यासाठी आणखी काय करू शकते. मग ग्रोथ, मग टीम लीडर, मग कँटीनमधला फोटो. मग पगाराचंही साहेबांच्या कानावर घालतो म्हणालो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. चांगलं ऐकतो तो, हे मला मान्य करायला हवं.

"सायेब, मी पगार मागितलो का? पद मागितलो का? संध्याकाळ मागितलो."

मी म्हटलं, अरे पण सरावासाठीच जातोयस ना, मग आज, आत्ता मास्तरांशी बोलतो, उद्यापासून फर्स्ट.

"सराव काल संपला माझा. चुलतभावाला दिले खांदा. बरोबर दिले, तो रोज आला, मी कुटं गेलो?"

मग आता मिल बदलून काय उपयोग, असं मी विचारलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी. वडील राहिले तर.

पाया पडायला वाकला. मी मागे सरकलो. म्हणाला, "सोमवारी तेवढं ऐकलाव तुमी. आमच्यात कोण ऐकतंय एवढं." आणि गेला. टोमणा असावा असं वाटलं. पण त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं.

सवाष्णी जेवून गेल्या. मी जेवलो नाही. शालनने विचारलं, आज मौन का. मी म्हटलं, हो.


१९ डिसेंबर, शुक्रवार.

धनुर्मासाचं मौन आज मोडलं. सिद्धेश्वरा, क्षमा कर.

सकाळी सरळ शेडमध्ये गेलो. माग चालू होते. मास्तर एका मागाला कान लावून उभे होते. मी ओरडून सांगितलं. विरुपाक्षला गड्ड्यापर्यंत फर्स्ट शिफ्ट द्या. सरावासाठी. एवढंच वाक्य होतं. बोलून झाल्यावर बघितलं तर श्वास घ्यायलाही थांबावं लागलं नव्हतं.

मास्तरांनी हाताने खूण केली, मला बाहेर ओट्यावर आणलं. पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं, तो काल सोडून गेला आणि मी त्याला काय कबूल केलं होतं तेही.

"आधी सांगायचं की ओ," म्हणाले. आज त्यांचा आवाज हळू होता. त्यांना हळू बोलता येतं. "त्याच्या बापाच्या मागं मी धा वर्षं चाललोय काठीबरोबर. त्याची सेकंड मी घेतलो असतो की. मला म्हाइतच न्हाय."

विरुपाक्षने त्यांना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तुमी सांगतो म्हणलाव की त्याला. मग परत माझ्याकडं येणं म्हंजे तुमच्यावर भरवसा न्हाय असं झालं असतं. रीतीचं पोरगं हाय ते."

दुपारी मास्तर स्वतः त्याच्या घरी जाऊन आले. मला बरोबर नेलं नाही. आल्यावर एवढंच कळलं की त्याने पलीकडे शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. मास्तर म्हणाले, मोडू पण नये.

साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, करिअर ग्रोथ.


२ जानेवारी, शुक्रवार.

जॅकार्डचे माग बंद आहेत. ऑर्डर पुढे ढकलली. साहेब चिडले नाहीत. त्यांनी माणूस पाठवून पाटी काढून नेली. दारावर चार भोकं राहिली आहेत, त्यातून वारा येतो. एचआर आता पुण्याची एक एजन्सी बघणार, ऑनलाइन. मी पुन्हा टाइम ऑफिसला. तसा ताण कमीच झाला.

आता सोमवारी कुणी येत नाही. कामात असणार.


१४ जानेवारी, बुधवार.

जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला शालनला घेऊन गेलो. तुफान गर्दी. रस्त्याच्या कडेला, रांगोळीच्या पलीकडे उभे राहिलो. काठ्या आल्या, झुलत, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांच्या खांद्यांवर.

तिसऱ्या की चौथ्या काठीबरोबर विरुपाक्ष होता. बाराबंदी घातलेली, नवी, इस्त्रीची. काठीखाली चुलतभाऊ. हा बाजूने चालत होता, दोन्ही हात पसरून, कुणी मध्ये येऊ नये म्हणून वाट करत. मधूनच त्याचा उजवा खांदा आपोआप वर व्हायचा आणि खाली यायचा. त्याला माहीतही नसेल.

आमच्यासमोर आला तेव्हा त्याने मला बघितलं. हात जोडले आणि क्षणभर रेंगाळला. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मागून लोटच आला, त्याला पुढे जावं लागलं.

तेवढ्यात सगळ्या रस्त्याने सिद्धेश्वराचा जयजयकार केला. म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं, पोलिससुद्धा. शालन हात उंचावून ओरडली. मग माझ्याकडे बघून तिने कोपराने ढोसलं.

"बोला की. आज कुठं मौन हाय तुमचं?"

घसा बसलाय म्हणालो. थंडी फार आहे यंदा.